नऊ दाखले

“बाई, दाखले मागायला आल्यात. नऊ जण हायेत. पोरं बी संगं आणल्यात,” बजरंग दारातूनच म्हणाला.

श्यामलाबाई पहिलीच्या पुस्तकांवर शाळेचा शिक्का मारत होत्या. हात तसाच वर राहिला. शाळा उद्या उघडायची होती.

पटावर अठ्ठावन्न मुलं होती. साठाच्या वर आकडा गेला तरच तिसरी शिक्षिका शाळेत राहणार होती. नाहीतर हेमाची बदली ठरलेली, आणि पहिली-दुसरी एका खोलीत, एका फळ्यासमोर बसणार. बारा वाजता पर्यवेक्षक पटाचा आकडा न्यायला येणार होते. तीन मुलं कमी पडत होती. त्या तिघांसाठी हेमा सकाळपासून गावठाणात दारं ठोठावत फिरत होती. आणि इकडे नऊ जण दाखले काढून मुलं न्यायला आले होते. अठ्ठावन्नातून नऊ गेले की किती राहतात, हे श्यामलाबाईंना मांडून बघावं लागलं नाही.

त्यांना फारसं नवलही वाटलं नाही. गाव पालिकेत आलं तशा शेतांवर इमारती उठल्या, आणि इमारतींपाठोपाठ इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या आल्या. गावातल्या हिंदुरावांनी दोन्ही नातवंडांचे दाखले एप्रिलातच नेले होते. नेताना पेढे दिले होते. मे महिनाभर त्या आणि हेमा घरोघर गेल्या. एका घरी मुक्ताबाईंनी बसवून घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं, की साळा चांगली हाय, बाई बी चांगल्या हायेत, पर टाय न्हाई. श्यामलाबाई चहा संपवून उठल्या होत्या.

“त्यांना सांग, शिक्का सापडत नाहीये,” त्या म्हणाल्या.

बजरंगनं त्यांच्या हातातल्या शिक्क्याकडे पाहिलं आणि तो गेला. मे महिन्यातच बदली होऊन आलेला तो शिपाई. बाईंना उलट विचारावं इतकी ओळख अजून झाली नव्हती.

अर्ध्या तासानं तो परत आला. माणसं थांबतो म्हणत होती. या वेळी श्यामलाबाईंनी कपाटाची किल्ली हेमाबाईंकडे असल्याचं सांगून पाठवलं. मग हेमाला फोन लावला. अजून एकही मूल मिळालं नव्हतं.

सव्वा अकराला बजरंग तिसऱ्यांदा दारात आला.

“बसत्यात म्हणं,” तो म्हणाला. “आजचा खाडा करून आल्यात.”

सव्वीस वर्षं श्यामलाबाई मुलांना खरं बोलायला शिकवत आल्या होत्या, आणि आता साठाच्या वरच्या एका आकड्यासाठी शिक्का पुस्तकांच्या गठ्ठ्याआड सारून बसल्या होत्या. बाहेरच्या माणसांनी कामाचा दिवस बुडवला होता. मुलं त्यांची होती. कुठं शिकवायची ते त्यांनी ठरवायचं. दाखला अडवून मूल थोडंच शिकतं?

त्यांनी कपाट उघडलं आणि दाखल्यांचं पुस्तक काढलं. हेमाला पुन्हा फोन केला आणि एवढंच सांगितलं, की आता उन्हात हिंडू नकोस, परत ये. हेमानं का म्हणून विचारलं नाही. तिला कळलं असावं.

व्हरांड्यात त्या आल्या तशी सगळी माणसं उठून उभी राहिली. पाच बायका, चार पुरुष. त्यांच्यामागे मुलं, तेल लावून चापूनचोपून भांग पाडलेली. एकही चेहरा श्यामलाबाईंच्या ओळखीचा नव्हता. इतके दिवस आपण पालकांकडे नीट पाहिलंसुद्धा नाही की काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. त्या टेबलाशी बसल्या. पटाचं रजिस्टर एका बाजूला ठेवलं, दाखल्यांचं पुस्तक समोर उघडलं.

पहिला माणूस पुढं आला. त्याच्या पँटच्या काठाला सिमेंट वाळून बसलं होतं. बोट धरून एक मुलगी होती. नाव विचारल्यावर तिनंच सांगितलं, सुनैना. श्यामलाबाईंनी पहिलीची यादी वरून खाली पाहिली. मग दुसरीची. मग तिसरी आणि चौथीचीही.

“कितवीत आहे ही आमच्याकडे?”

त्याला समजलं नाही. त्यांनी तेच हिंदीत विचारलं. तो गोंधळून मागच्यांकडे बघायला लागला. मग हळूच, चूक आपलीच असावी अशा आवाजात म्हणाला, “अभी कहाँ है, मॅडम? दाखिला दोगे, तब तो होगी.”

पेन पुस्तकावर टेकलेलं तसंच राहिलं. शाईचा ठिपका पसरत गेला. श्यामलाबाईंनी मान वळवून बजरंगकडे पाहिलं.

“मग मी काय सांगत हुतो?” तो म्हणाला. “दाखलाच मागत्यात की सकाळधरनं.”

श्यामलाबाईंनी मुलं मोजली. दोन बायकांबरोबर दोन-दोन होती. अकरा. त्यांनी पुन्हा एकदा मोजली. फाटकातून हेमा येताना दिसत होती, डोक्यावर ओढणी, पाय ओढत. तिला आत्ताच हाक मारावी असं त्यांना वाटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

“हे पुस्तक आत नेऊन ठेव, बजरंग, आणि प्रवेशाचे फॉर्म आण,” त्या म्हणाल्या. “आपला दाखला शाळेतून जायला लागतो. यांचा यायला.”