काठावरचा गहू

"मावशी, काठावरच्या ओंब्या कुणी कापल्या?" काचघराच्या कोपऱ्यातून मॅडमनी विचारलं.

मावशीच्या हातातली झारी थबकली. मधल्या वाफ्यांतली ओंबी न् ओंबी मोजलेली. काठावरच्या कुणी मोजत नसे. म्हणून तर.

"उंदीर असतील."

"कात्री घेऊन येतात वाटतं?" मॅडम हसल्या. "घाबरू नका हो. तो साधाच गहू. मधल्याचे पराग बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेलं कुंपण. गळा सुजवणारं प्रथिन आम्ही काढलंय ते फक्त मधल्यातून."

"साधा म्हणजे?"

"बाजारात मिळतो तो."

सकाळी त्याच गव्हाचे दोन पाव ती घरी झाकून ठेवून आली होती. सात वर्षांच्या लेकीसाठी, ठमीसाठी. गव्हाचा कण पोटात गेला की जिचा गळा बंद होतो, त्या ठमीसाठी. "आई, हा आमच्या काचघरातला, बाधत नाही," असं सासूबाईंना सांगून. "पण दुपारी आधी घासभरच द्या."

दुपार झाली होती.

झारी पडली.

बाहेर जायला दोन दारं. आतलं लागल्याशिवाय बाहेरचं उघडत नाही, आणि मधल्या कोठडीत तीस सेकंद वारा. अंगावरचे पराग झडायला हवेत. नियम.

तीस. तिने बाहेरचं दार ढकललं.

बावीस. पुन्हा ढकललं. खांद्याने.

चौदा. काचेपलीकडून मॅडम काहीतरी विचारत होत्या.

नऊ. "मी कापल्या," ती काचेला म्हणाली. "मी, मी कापल्या." वाऱ्यात तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

चार.

तीन.

तीनच.

दार उघडलं. खुंटीवरची पिशवी, पिशवीतला फोन. वाजतोय. वाजतोय. उचला ना, आई.

"अगं, घासभर कसलं!" सासूबाईंचा आवाज नुसता फुलला होता. "दोन्ही फस्त केले पोरीने, बघता बघता! तुझे हात सोन्याचे गं."

"आई, ठमी कुठंय?"

"झोपलीये. पोटभर खाल्लं की डोळे मिटणारच."

"उठवा तिला! आई, हलवा तिला!"

"ओरडू नकोस, जागी होईल. थांब, तुला गंमत ऐकवते. कशी घोरतेय बघ, अगदी बापासारखी."

आणि सासूबाईंनी फोन ठमीच्या तोंडाशी धरला.