जीवखडा

धनीरामने तुळशीमागचा कोनाडा तिसऱ्यांदा चाचपला. पांढऱ्या फडक्यातला जीवखडा तिथे नव्हता. बायकोच्या, आनंदाबाईच्या चितेपाशी त्याच दगडाने मडके फोडले होते. आज दहावा. अकरा वाजता पवनीच्या घाटावर तो वैनगंगेत सोडायचा होता.

अंगणात जीपमध्ये पोती चढत होती. दगडांचा सर्वे करणारी रश्मी महिनाभर त्यांच्या पडवीत राहत होती. पगार घेऊन गोटे वेचते, म्हणून आनंदाबाई तिला हसायची. रश्मीचे दगडांचे नमुनेही पांढऱ्या पिशव्यांत बांधलेले. धनीरामने विचारले तशी तिने हातातले पोते खाली ठेवले. काल कोनाड्याखाली फडक्यात गुंडाळलेला दगड पडलेला तिला दिसला होता. आपल्याच नमुन्याची नंबराची चिठ्ठी गळाली असे समजून तिने तो नव्या पिशवीत भरला. नागपूरला तपासणीसाठी या सगळ्या नमुन्यांचा भुगा होणार होता.

तिने सगळी पोती अंगणात रिकामी केली. बेचाळीस दगड. आनंदाबाईला शेतातच अग्नी दिला होता, जीवखडा तिथलाच उचललेला आणि नमुनेही त्याच शेतातले. सगळे काळपट हिरवे, हाताला जड.

"गोटा तं गोटाच हाय ना भाऊ," जीपवाला राजकुमार घड्याळ बघत म्हणाला. "कोनताबी घ्या."

"दुसराच सोडला तं तिचा जीव इथंच अटकून राहीन."

राजकुमारने इंजिन बंद केले.

धनीराम एकेक दगड उचलून बघत होता. दहा वाजून गेले. एकतिसाव्या दगडाच्या कोपऱ्यावर मडक्याचा तांबूस ओरखडा होता. त्याने त्यावर अंगठा ठेवला, पण पुसला नाही.

मग त्याने रश्मीला विचारले, "काय असते याच्यात?"

रश्मीने सांगितले, की यात लोखंड आहे, मॅग्नेशियम आहे, हे काळे दाणे क्रोमाइट खनिजाचे. वाळूत असते ते सिलिका फार कमी. जमिनीच्या पार खाली, जिथे कुठलीच बोअर पोचत नाही, तिथला वितळलेल्या खडकाचा रस थंड होताना जड दाणे आधी तळाशी बसतात. त्यांचा हा दगड होतो.

"मंग वर कसा आला?"

"जमीनच ढकलते, काका. कोट्यवधी वर्षं लागतात."

धनीरामने दगड फडक्यात बांधला. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"इतक्या खालून आला," तो म्हणाला, "आन मी याले दहा दिवसांत पान्यात सोडाले चाललो."