एक्केचाळीस घरांची संमती

“खोटी संमती ज्या मोबाईलवरून गेली तो नंबर मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही,” असं म्हणून प्रार्थनाने खुर्ची ओढली आणि राहीबाईंना शेजारी बसवलं.

तालुक्याच्या कचेरीतला ऑपरेटर सुनील मान वर न करता म्हणाला, “मॅडम, जेवायची सुट्टी हाय.”

“मग जेवून या. आम्ही बसतो.”

सुनील काही उठला नाही. असली चिवट माणसं जेवणाच्या सुट्टीने टळत नाहीत, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

डिजिटल लोकशाहीतून कोण बाहेर राहतं, यावर संशोधन करणाऱ्यांना पुण्याची एक संस्था दोन वर्षांची फेलोशिप देत होती. अर्जाची मुदत आज संध्याकाळी सहाला संपत होती. भिंगारच्या प्रार्थनाचे आधीचे तीन अर्ज ‘ठोस पुरावा नाही’ म्हणून परत आले होते. यंदा पुरावा तिच्या शेजारीच बसला होता.

राहीबाई ऊसतोडीला जायच्या. गेल्या हंगामात त्या फडात असताना गावाने मोबाईलवर ग्रामसभा घेतली आणि तोडकऱ्यांच्या मुलांचं वसतिगृह बंद करून टाकलं. ठरावाला एक्केचाळीस तोडकरी घरांची संमती नोंदलेली होती. त्यात राहीबाईंचंही नाव होतं, आणि राहीबाईंच्या घरात मोबाईल कधी आलाच नव्हता.

“परवा टोळी निघंल,” त्या म्हणाल्या. “वसतिगृह उघडलं न्हाई तर नात बी फडात येनार. सातवीत हाय. एकदा शाळा सुटली की सुटलीच, पोरी.”

“नाही सुटणार, मावशी. खोटी संमती सिद्ध झाली की ठराव रद्द होतो. तुमचं मत ज्याने खाल्लं त्याला मी उघडा पाडणार. त्याचं नाव अर्जाच्या पहिल्या पानावर घालणार.”

राहीबाईंचा तिच्यावर भरवसा होता. तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या शिबिरात याच पोरीने दारोदार फिरून तोडकऱ्यांची नावं ग्रामसभेच्या ॲपमध्ये घातली होती. फॉर्म एकाच रकान्यापाशी सारखा अडायचा, पण हिने कसाबसा मार्ग काढून एका दिवसात अख्खी वस्ती उरकली. तेव्हा वस्तीने तिला आग्रहाने जेवू घातलं होतं.

“मी बघून मेसेज करतो,” सुनील म्हणाला.

“मेसेज नको. मी उघडतच नाही ते, सगळा कचरा असतो. आत्ताच बघा. माहितीचा अर्ज यांच्या नावाचा आहे आणि माणूस समोर बसलंय.”

सुनीलने आधार कार्ड घेतलं आणि टकटक सुरू केली.

“हितं मत कुनी दिल्यालंच न्हाई,” थोड्या वेळाने तो म्हणाला. “सात दिवसांत हरकत कळवा, न्हाईतर संमती धरू, असा मेसेज गेल्ता. हरकत आलीच न्हाई.”

“मेसेज गेला कुणाला?”

त्याने यादी खाली सरकवली, परत वर आणली.

“गंमतच हाय, मॅडम. एक्केचाळीस घरं आन् सगळ्यांच्या नावापुढं एकच नंबर.”

एकाच माणसाने एक्केचाळीस घरांची तोंडं बंद केली होती. इतका धडधडीत पुरावा हाती लागल्याचा प्रार्थनाला आनंद झाला, आणि राहीबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून त्या आनंदाची थोडी लाजही वाटली.

“सांगा नंबर,” ती म्हणाली. “आत्ताच लावते. स्पीकरवर टाकते, मावशींना ऐकू दे काय बोलतो ते.”

राहीबाई पदर सावरून पुढे सरकल्या. सुनील दोन-दोन आकडे सावकाश वाचू लागला आणि प्रार्थना दाबत गेली. सहा आकडे झाले आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर पुढचे चार सांगायला त्याने तोंड उघडलं, तेव्हा प्रार्थनाच्या बोटांनी ते दाबूनही टाकले होते, कुठल्याही फॉर्मवर स्वतःचा नंबर भरताना दाबायची तसे.