मोडीतलं नाव

बायको तारामती जाऊन महिना झाला, त्या दिवशी अण्णारावांना कळलं की तिचं घंगाळ घरात नाही.

ते नांदेडहून आले होते. दवाखान्यातून तिचे कागद आणायचे राहिले होते. चाकूरला घरी पोचल्यावर पाय धुवायला मागे गेले आणि न्हाणीपाशी थांबले. घंगाळाच्या जागी फरशीवर गोल डाग तेवढा होता.

"शिल्पा, घंगाळ कुठंय?"

सून दारात आली. "मामा, रागावू नका. खाजाचाचाचा टेम्पो आला होता जुनी भांडी घ्यायला. त्यात दिलं. तुम्ही रोज सकाळी त्याच्यापुढं बसून रडायलात. मला बघवना गेलं."

"वजनावर दिलंस?"

"हाव."

"माझ्या रडण्याचा तरास व्हता, तर मलाच घालायचं होतं काट्यावर!"

ते चहाला थांबले नाहीत. आल्या पावली लातूरच्या एसटीत बसले. 

ते घंगाळ तारामतीनं माहेराहून, देगलूरहून आणलेलं. काठावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव घातलेलं होतं. नाव घालणारा कारागीर तेलुगू बोलणारा, मराठी अक्षरं त्याला अर्धीच येत. एक काना त्यानं चुकीच्या अक्षराला दिला. तारामतीचं 'तारमाती' झालं. "माझी माती त्यानं लग्नातच केली," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि हसायची.

जुन्या वस्तू शोधायचा नाद दोघांनाही होता. शेतात काम नसलं की मोटारसायकल काढायची आणि बाजाराच्या दिवशी रेणापूर, उदगीर, देगलूर गाठायचं. भंगाराच्या ढिगात हात घालायचा. काळं पडलेलं काहीतरी ओढून काढायचं आणि बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं. आवाज चांगला निघाला की तारामती डोळ्यांनी खूण करायची. मग अण्णारावांनी तोंड वाकडं करून बाजूला व्हायचं आणि तिनं भाव पाडायचा, देगलूरला तर तेलुगूत. घरी आलं की चिंच आणि मीठ घेऊन दोघं घासायला बसत. काळ्याखालून पिवळं दिसायला लागलं की ती लहान पोरीसारखी टाळ्या वाजवायची. एकदा एका पानाच्या डब्यात कुणाचं तरी वाळलेलं लवंगेचं फूल निघालं. तिनं ते आठ दिवस जपलं.

खाजाचं दुकान लातूरला, गंजगोलाईच्या बाजारामागच्या बोळात. तीस वर्षांची ओळख. तारामतीच्या मातीलाही तो आला होता. अण्णारावांना बघून तो उठला, पण त्यांनी रामराम घेतला नाही. घंगाळ दारातच पालथं पडलं होतं. त्यांनी ते सुलटं केलं.

"काठ वाच."

खाजानं चष्मा लावला. खाली वाकला. वाचलं, आणि तसाच वाकलेला राहिला.

"अण्णा, खुदा की कसम. फेरीला नवा माणूस ठेवलाय, बजरंग म्हणून. त्याला तुमचं घर ठाऊक न्हाई."

"त्याला न्हाई. तुला? तीस वर्षं तिच्या हातचं जेवलास. तिचं नाव पालथं टाकलंस तू दारात! डोळे फुटले होते का?"

शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. अण्णाराव थांबले नाहीत. तोंडाला येईल ते बोलत राहिले. खाजा ऐकत होता. त्यांचा दम संपल्यावर त्यानं चष्मा काढला.

"मी नाव वाचत न्हाई, अण्णा. तुम्हीच सांगितलंय. मोडीत आलेल्या भांड्याला नाव नसतंय."

"मी? कधी?"

"उदगीरचा बसलिंगप्पा आलता तवा. हितंच हुबा होता, तुम्ही हाव तिथं. बायको मेलती त्याची. पोरांनी परात मोडीत घातली आन् ती तुम्ही उचलली. तो म्हणला, सायेब, केवळाबाई लिवलंय बघा त्याच्यावर. मी माघारी द्यायलो होतो. तुम्ही देऊ दिली न्हाई."

"ते येगळं होतं."

"काय येगळं?"

 अण्णारावांना आठवलं, ते वाक्य ते हसत बोलले होते. बसलिंगप्पा डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा होता. तारामती शेजारीच होती. परतीच्या वाटेत ती एक शब्द बोलली नाही. दमली असेल, असं त्यांना वाटलं. त्या संध्याकाळी परात त्यांनी एकट्यानंच घासली होती.

खाजानं घंगाळ स्वतः उचलून रिक्षात ठेवलं. पैसे घेतले नाहीत. रिक्षा सुरू झाली तसा वाकून म्हणाला, "बसलिंगप्पा हाय अजून. उदगीरलाच, ल्योकापाशी. कुणालाबी इचारा."

"तू मला शिकवू नको," अण्णाराव ओरडले. त्यांनी खाजाला आणखी दोन शिव्या दिल्या. बोळ संपेपर्यंत देत राहिले.

घंगाळ न्हाणीपाशी जागेवर आलं. सुनेशी बोलणं सुरू झालं. खाजाशी अजून नाही. त्याचा फोन ते उचलत नाहीत.

केवळाबाईची परात बैठकीतल्या काचेच्या कपाटात आहे. आल्यागेल्याला दिसेल अशी, मधल्या फळीवर.

चाकूरहून उदगीर तासाभराच्या वाटेवर आहे. चार महिने झाले. अण्णाराव अजून गेलेले नाहीत.