घारपुऱ्यांची सई
शनिवारी कचेरीच्या नेटवर्कवरचे पत्ते बदलले आणि सोमवारी घारपुरे स्वतःच्या मुलीचं नावच विसरले. सगळ्यांच्या आठवणी त्या नेटवर्कवरच, ज्याच्या त्याच्या पत्त्यावर साठवलेल्या असत. घारपुऱ्यांचा जुना पत्ता आता कुणाला गेलाय, हे शोधत नेटवर्क सांभाळणारी मृणाल दातारांच्या टेबलापाशी आली. दातार एकटे, बिनलग्नाचे. पण आज समोरचा डबा विसरून स्वतःशीच हसत होते.

"मृणाल, आमची सई शर्यतीत पडली, पण रडली नाही गं!"

"काका, सई घारपुऱ्यांची. त्यांचा पत्ता चुकून तुम्हाला लागलाय."

दातारांचं हसू मावळलं. पलीकडे घारपुरे मुलीचा फोटो परक्यासारखा न्याहाळत होते.

"दे त्यांना परत," दातार म्हणाले. "फक्त सांग, पडल्यावर तिनं आधी बापाकडे पाहिलं होतं. त्यांच्या लक्षात आलं नसेल."

मृणालने कळ दाबली.

दातारांनी डबा पुढे ओढला. "काय गं, काही काम होतं?"