रिकामा डबा

आजही माझा डबा रिकामाच परत आला. काल शेजारच्या कर्णिकबाईंच्या डब्यात मात्र चार शेंगदाण्याचे लाडू होते, आणि लिफ्टपाशी त्या ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होत्या.

मृदुलाच्या नवऱ्याची केमो सुरू झाल्यापासून आमच्या इमारतीतल्या सहा घरांनी त्यांच्या जेवणाचे वार वाटून घेतलेत. कर्णिकबाईंची आमटी म्हणजे नुसतं गोड पाणी. माझी मुगाची खिचडी तो पोटभर खातो, हे मृदुलानेच सांगितलेलं. तरी लाडू त्यांना, आणि मला धुतलेला डबा! चिमूटभर साखरसुद्धा नाही? शेवटी न राहवून मी तिच्याकडे गेले. "माझं काही चुकलं का गं?"

ती ओट्याला टेकली. "काकू, डबा रिकामा कसा पाठवायचा, म्हणून दुपारी तो झोपला की मी लाडू वळत बसते. मलाही झोप येते हो. तुमचा गुरुवार आला की तेवढी झोपते. वाटलं, तुम्ही समजून घ्याल."

घरी येऊन मी इमारतीच्या ग्रुपसाठी मेसेज लिहिला, 'मृदुलाकडून यापुढे डबे रिकामेच परत घ्यायचे. तिला विश्रांती मिळू दे.' पाठवताना बोट अडलं. आता सगळ्यांचेच डबे रिकामे येणार. मग माझं वेगळं काय उरलं?

कर्णिकबाईंच्या अजून न आलेल्या रिकाम्या डब्याचा मी पाच मिनिटं हेवा केला. मग मेसेज पाठवला.