खाल्लेला ‘त’

"हलू नकोस गं! पोट छातीला चिकटलंय. उशी पळवून नेतेयस असं दिसतंय."

तोंडात टाचण्या धरूनही ताईचं बोलणं थांबत नसे. धाकटी खुदकन हसली. सोळा वर्षांची पोर, सिनेमात पहिलंच काम, आणि तेही शाळेत असताना दिवस गेलेल्या मुलीचं. ताई सिनेमाचे कपडे शिवायची, त्यामुळे हे कापसाचं पोटही तिच्याच गळ्यात पडलं होतं. दोघी बहिणींत सतरा वर्षांचं अंतर. आईच्या उतारवयातलं शेंडेफळ म्हणून लोक धाकटीची थट्टा करायचे. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हापासून घरात दोघीच.

"आई, टोचतंय हे!"

"ताई म्हण. त कुठे गेला?"

"खाल्ला!"

घाईघाईत बोलताना अक्षरं खायची धाकटीला लहानपणापासून खोड. बाकी सगळी अक्षरं ताई माफ करायची, या एकासाठी मात्र हात धुऊन मागे लागायची.

"हात कुठे ठेवू? पोटावर?"

"छे, ते सिनेमातच. सातव्या महिन्यात कंबर धरते. हात मागे घे." ताईने दाताने दोरा तोडला.

तेवढ्यात दिग्दर्शक आत आला. "झकास! आता शेवटचा प्रसंग. ही नदीत चालत जाते, खेळ खलास."

"साहेब, हिला पोहता येत नाही."

"अहो, कमरेएवढं पाणी आहे. माणसंही उभी करतो."

"तरी नको."

"अशा गोष्टी अशाच संपतात, बाई. मुलगी चुकली, बुडाली, प्रेक्षक रडले. जिवंत ठेवून तिचं करू काय?"

"काय म्हणजे?" ताईचा आवाज चढला. "जगेल की! लोक बोलतील, बोलून बोलून त्यांचीच तोंडं दुखतील. ती शिवण शिकेल. पोर तापलं की मांडीवर घेऊन मशीन चालवेल. त्याच्या मस्तीने जीव नकोसा होईल, आणि त्याच्यावाचून घडीभर करमायचंही नाही. एवढं सगळं करायचं असताना नदीत जायला वेळ कुठाय तिला?"

ताई ओशाळली आणि खाली बसून सांडलेल्या टाचण्या वेचू लागली.

दिग्दर्शकाने डोकं खाजवलं. "हे बरंय की! नदी रद्द. कुणीतरी शिवणाचं मशीन आणा रे!"

ताईचा जीव भांड्यात पडला. दिग्दर्शक बाहेर गेला. पोटाची नाडी सोडताना तिच्याकडून गाठ सुटता सुटेना.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग तिनेच गाठ सोडवली.

"दमलीस ना? चल घरी, आई."

"खाल्लास पुन्हा त," ताई सवयीने म्हणाली.

"नाही." धाकटीने पोट उतरवून अलगद तिच्या मांडीवर ठेवलं. "या वेळी मुद्दाम काढून ठेवला."